पाठमोऱ्या दगूबाई

दगूबाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते नंदुरबार स्टेशनवर, आणि पाहिली ती त्यांची पाठ.

सव्वीस सालचा जून होता. मी इथल्या इंग्रजी शाळेत येऊन वर्षच झाले होते आणि माझ्या हाताखालून गेलेला पहिला मुलगा कॉलेजला निघाला होता. कोरीटच्या एका पाटलाचा मगन. पुण्याला जायचा होता. त्याला पोचवायला गावातून गाड्या जुंपून माणसे आली होती. प्लॅटफॉर्मवर मगनच्या भोवती बायकांचा घोळका, मध्ये वळकटी, पत्र्याची पेटी आणि फडक्यात बांधलेला डबा. घोळक्यापासून लांब, पाण्याच्या टाकीच्या खांबाशी एक उंच बाई उभी होती. अंजिरी लुगडे, डोक्यावरून घट्ट पदर आणि तोंड मालगाड्यांच्या रुळांकडे. मला वाटले, दुसऱ्या कोणाला पोचवायला आली असेल. तेवढ्यात मागे न वळता ती मोठ्याने ओरडली,

“त्याले सांगा वं, मनमाडनं पानी नको पिऊ म्हना! तांब्यामा घरनं शे, तेच पी म्हना!”

मगन काही बहिरा नव्हता. त्याने ऐकले होतेच. तरी त्याच्या आईने त्याच्याकडे तोंड करून सांगितले, “मनमाडनं पानी नको पिऊ रे.”

“आनी वळकटीमा डावा अंगले सुंठ शे म्हना!”

“डावा अंगले सुंठ शे रे.”

मगन हसू दाबत होता. मी त्याच्या आईला विचारले, “त्या कोण?”

“दगूजिजी. बठं तिनीच बांधी दिधं, मास्तर. तिन्हा बिगर आम्हले काय समजस?”

“मग तिकडे का उभ्या? बोलवा की त्यांना.”

मगनच्या आईने माझ्याकडे असे पाहिले, जसा मी वहाणा घालून देवघरात शिरलो आहे. “गाडी जाऊ द्या, मास्तर,” ती म्हणाली.

गाडी सुटली. शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेल्यावर तिने हाक मारली, “जिजी, गई वं गाडी.” मग त्या वळल्या. चाळिशीच्या असाव्यात. कपाळावर ठसठशीत कुंकू होते, म्हणजे नवरा होता. त्यांनी रिकाम्या रुळांकडे पाहिले आणि विचारले,

“खिडकीले बठना का?”

“बठना.”

“कोट घालेल होता?”

“होता, जिजी.”

“बरं व्हयनं,” त्या म्हणाल्या आणि गाडीत बसायला निघाल्या.

दगूबाईंच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून त्यांचे नाव दगू. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मुलाला दगड म्हणावे, भिकेत मिळालेले म्हणावे, म्हणजे मरणाला त्याचा लोभ वाटत नाही. कोरीटच्या हिलाल पाटलांशी लग्न झाले, बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. सासूने दगा नाव सुचवले. दगूबाई म्हणाल्या, “मी जलमभर दगड व्हयनू, पोऱ्या तरी नको.” त्यांनी नवल ठेवले. पुढे जे झाले त्यानंतर गावाने या नावाचीही आठवण काढली. चांगले नाव ठेवले, म्हणून नजर लागली म्हणे.

नवल मी पाहिलेला नाही. तो मी यायच्या आधीचा. कोरीटमधून मॅट्रिक झालेला आणि कॉलेजात गेलेला तो पहिला. पुण्याला ज्ञातीच्या बोर्डिंगात राहत होता. त्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात कोरीटला हिलाल पाटलांच्या नावाने तार आली. पुढचे मला अनेकांनी सांगितले आहे. सांगताना प्रत्येकाने आपण त्या दिवशी कुठे उभे होतो ते वेगळे सांगितले, बाकी सगळे जुळते.

त्याआधी कोरीटला ज्या तारा आल्या होत्या त्या सगळ्या मरणाच्या. तार इंग्रजीत होती. गावात इंग्रजी येणारा एकच होता आणि तो पुण्याला होता. तारवाल्याने कागद दिला, अंगठा घेतला आणि पाऊस यायच्या आत तो परत फिरला. तार वाच, असे कोणी म्हणाले नाही. तार वाचायची असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. ती आली म्हणजे झाले. हिलाल पाटील ओट्यावर मटकन बसले. आतून दगूबाईंनी हंबरडा फोडला. गल्लीतल्या बायका धावत आल्या. त्यांनी दगूबाईंना धरून अंगणातल्या न्हाणीच्या दगडावर बसवले आणि रीतीप्रमाणे मेलेल्याच्या नावाची आंघोळ घातली. पहिला तांब्या ओतला तो शेजारच्या भिकुबाईने. ती नुकतीच नांदायला आली होती. सासूने तांब्या हातात दिला, तिने ओतला. चूल विझली, सुतक धरले. मधल्या नाल्याला पूर होता. तो उतरला तेव्हा हिलाल पाटील मुलाच्या अस्थी आणायला म्हणून नंदुरबारला आले. तिकीट देणाऱ्या बाबूने त्यांच्या मुठीतला कागद मागून घेतला आणि वाचला.

“अहो पाटील,” तो म्हणाला, “मुलगा आजारी आहे, ताबडतोब या, एवढेच आहे यात.”

ते तसेच उलटे कोरीटला गेले आणि दगूबाईंना घेऊन आले. पुण्याला पोचले तेव्हा नवल जिवंत होता. विषमज्वर. बोर्डिंगच्या मागच्या खोलीत त्याची खाट होती. दगूबाई तिथेच राहिल्या. त्याच्या उशाशी बसून त्यांनी बोर्डिंग पाहिले, आडाचे पाणी पाहिले, पोरांची ताटे पाहिली. एका दुपारी ताप थोडा उतरला तेव्हा त्याने विचारले, “माय, तार कव्हय भेटनी?”

“निघनूत त्याना आदला दिन,” दगूबाई म्हणाल्या.

नवल हुशार मुलगा होता. तार कधी गेली ते त्याला माहीत होते आणि गाड्यांचे वेळापत्रक पाठ होते. हिशेब बसत नव्हता. पण त्याने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि तो महिना संपायच्या आत तो गेला.

त्या परत आल्या तेव्हा गल्लीत वाक्य तयार होते: “जित्या पोऱ्यानी आंघोय करी हिनी.” आंघोळ घालणाऱ्याही त्याच बायका होत्या. पण पाणी ओतले कोणी हे कोणी विचारीत नव्हते, पाणी कोणाच्या डोक्यावरून गेले एवढेच धरत होते. जिवंत मुलाला मेला म्हणून जी न्हाली, तिचे तोंड घराबाहेर पडणाऱ्या मुलाने पाहू नये, असे ठरले. कोणी ठरवले हे सांगता येणार नाही. एरवी कोणाला काही नव्हते. गावातली मुले त्यांच्या चुलीपाशी बसून जेवत, त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत. फक्त जायच्या दिवशी त्यांनी समोर यायचे नाही.

आणि तरीही लोक त्यांच्याकडेच येत. कारण आसपासच्या गावांत बोर्डिंग आतून पाहिलेली बाई दुसरी नव्हती. कोणते कॉलेज, फी कधी भरायची, अर्ज कसा करायचा, हे बाप मला विचारीत आणि मी सांगत असे. पण आईबापांचे खरे प्रश्न ते नसतात. तिथे बाजरीची भाकरी मिळेल का? मिळाली नाही तर त्याचे पोट चालेल का? ताप आला तर कपाळाला हात कोण लावील? तो आमची बोली सोडील का? आम्ही भेटायला गेलो तर मित्रांना आमची ओळख करून देईल का? हे मास्तरला विचारायचे नसते. ते दगूबाईंच्या ओट्यावर विचारले जाई.

मॅट्रिकचा निकाल लागला की त्यांच्या ओट्यावर आया बसलेल्या असत. दगूबाई पापडाचे पीठ मळता मळता बोलत. पाणी उकळून गार केलेलेच प्यायचे, हे त्या इतक्या वेळा सांगत की पोरांनी त्यांना ‘उकळेल जिजी’ नाव ठेवले होते. तोंडावर म्हणत आणि त्या लाटणे उगारत. नवा मुलगा कधी एकटा पाठवायचा नाही. तिथे आपल्या भागातला जो थोरला असेल त्याच्या हातात त्याचा हात द्यायचा आणि त्या थोरल्याच्या आईलाही सांगून ठेवायचे. तापाची तार करायची नाही, माणूस धाडायचा. आणि तार आलीच तर रडायचे नाही, आधी मास्तरांकडे जायचे.

त्यामुळे तालुक्यातल्या पुष्कळ तारा न वाचता शाळेत माझ्या टेबलावर येत. एकदा एक बाप डोळे गच्च मिटून, तार पुढे धरून वर्गाच्या दारात उभा राहिला. मी वाचली. मुलगा पहिल्या वर्गात पास झाला होता. हे सांगितले तरी तो उंबऱ्यावर बसून मोठमोठ्याने रडला. “रडानी तयारी करीसन उनू होतू, मास्तर,” डोळे पुसत तो म्हणाला, “आते ती कोठे टाकू?”

मुलगा गेल्यावरही दगूबाईंचे काम संपत नसे. उलट तेव्हाच ते सुरू होई. दिवाळीला घरी आलेला मुलगा म्हणे, मी परत जाणार नाही. मग त्याची आई त्याला दगूबाईंकडे धाडी. त्या त्याला उपदेश करीत नसत. जेवायला वाढीत आणि बोर्डिंगातल्या आचाऱ्याची नक्कल करायला लावीत. पोरगा नक्कल करता करता हसू लागे, आणि हसता हसता तिथल्या मित्रांच्या गोष्टी सांगू लागे, की काम झाले. बापांशी मात्र त्या कडक होत्या.

“तू त्याले खत धाडं ना, कपास उनी, चार रोज ये?”

“धाडं, जिजी. मानूस कमी पडस.”

“तो येई. मंग चार रोजना आठ व्हतीन. मंग त्याले लाज वाटी परत जावानी. मंग तूच म्हनशी, पोऱ्याले शिकानं नव्हतं.”

मुलगा गेल्यावर राहवत नाही म्हणून रोज स्टेशनपर्यंत फेरी मारणारी एक आई होती. तिच्याबरोबर दगूबाई पंधरवडाभर स्टेशनवर जाऊन बसल्या, आणि एक दिवस म्हणाल्या, “उद्या मन्हा पाय दुखतीन बरं.” दुसऱ्या दिवशी तीही गेली नाही.

नंदुरबारच्या रंगारी आळीतल्या जन्नतबीचा युसुफ माझ्याकडून मॅट्रिक होऊन मुंबईला निघाला तेव्हा तीही कोरीटला गेली. दगूबाईंनी त्याची वळकटी बांधून दिली, आजारीपणाचे सगळे समजावले. जायच्या दिवशी जन्नतबी आपल्या घरी युसुफच्या दंडाला प्रवासात राखण म्हणून नाणे बांधत असताना दगूबाई मागच्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जन्नतबीला म्हणालो, “तुमच्यात तर हे नसते ना?”

“नै, मास्टरसाब, हमारे में ऐसा कुछ नै,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “मगर बच्चा तो मेराच है ना.”

दगूबाईंनी कधी तक्रार केली नाही. तोंड फिरवायला त्यांना सांगावे लागत नसे. नजरेनेच समजत असे. पण एकदा, मी त्यांच्या ओट्यावर ताक पीत बसलो असताना, त्या म्हणाल्या, “मास्तर, बांधाले माले बलावतस. सोडाले बलावत नही.” मी रिकामे भांडे खाली ठेवले. “एक डाव कोना तरी पोऱ्याना हातवर दही ठेवनं शे. जाता जाता त्यानं तोंड देखनं शे. बस.” आणि आत जाऊन त्यांनी माझे भांडे परत भरून आणले.

हे शेजारच्या भिकुबाईला ठाऊक होते. भिकुबाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून मी तिला एकेरीच हाक मारतो. पहिला तांब्या आपण ओतला हे ती विसरली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी तिला छगन झाला आणि तो दगूबाईंच्या स्वयंपाकघरातच वाढला. कोण कोणाचा मुलगा हे परक्याला कळले नसते. तो माझ्या शाळेत इंग्रजी पहिलीत आला त्या दिवशी भिकुबाई माझ्यादेखत म्हणाली,

“जिजी, मन्हा छगन कॉलेजले जाई ना, तव्हय दही तुन्हाच हातनं. मी बोल देस.”

“आधी पाढा तर येऊ दे त्याले,” दगूबाई हसून म्हणाल्या. पण हातातले सूप त्यांनी खाली ठेवले होते.

तेव्हापासून त्यांचे एकच चालले. छगन शिकला पाहिजे. छगनचा बाप दगा पाटील याला हे बिलकूल मान्य नव्हते. दोघांचे भांडण वर्षानुवर्षे ओट्यावर चाले आणि लोक ऐकायला थांबत.

“जिजी, तू मन्हा पोऱ्याले साहेब करी टाकशी. मंग मन्हं वावर कोन पाही?”

“साहेब पाही. खुर्ची टाकीसन पाही.”

“आनी बैल?”

“बैलले सलाम करी ना तो. बैल काय नही म्हनी?”

दगा पाटलालाही हसू येई, पण तो हटत नसे. छगनला त्याने दोनदा शाळेतून काढले. दोन्ही वेळा दगूबाई त्याच्या दारात जाऊन बसल्या. जेवल्या नाहीत की बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. ज्या बाईच्या तोंडाला गाव भिते ती सकाळपासून दारात बसली, तर त्या घरातून कोण कामाला बाहेर पडणार? दगा पाटलाने दोन्ही वेळा छगनला परत धाडले. गावाची भीती त्यांनी स्वतःच्या कामाला लावलेली मी तेवढीच पाहिली.

बाजाराला आल्या की त्या शाळेच्या कुंपणाशी उभ्या राहत. “पास व्हई ना, मास्तर?” मी म्हणे, होईल. “गनित?” मी म्हणे, तेही होईल. त्यांना गणिताचे काय कळणार? पण छगन कशात कच्चा आहे हे त्यांना कळत होते.

चाळीस साली छगन पास झाला. त्याला पुण्याला त्याच बोर्डिंगात जागा मिळाली. दगूबाईंनी सगळे बांधले, नेहमीसारखेच, फक्त सावकाश. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या म्हशीच्या दुधाला विरजण लावले. सकाळी मी कोरीटला पोचलो तेव्हा त्यांनी ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते आणि हातात वाटी घेऊन त्या दगा पाटलाच्या अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. तोंड अंगणाकडे होते.

अंगण माणसांनी भरले होते. दमणीला बैल जुंपलेले. भिकुबाईची सासू धनुबाई खाटेवरून म्हणाली,

“काय वं भिकू, तुले दुसरा पोऱ्या शे का?”

भिकुबाईला एकच मुलगा होता, हे सगळ्यांना माहीत होते.

धनुबाईने दगूबाईंकडे तोंड वळवले. “हिलालनी बायको, तू शानी शे. तुले आम्ही काय सांगानं?”

“दही जिजीच ठेवी,” भिकुबाई मोठ्याने म्हणाली. “मी बोल दिधेल शे.” आवाज अगदी ठाम होता. दगा पाटील बैलांच्या जोताशी काहीतरी करू लागला. हिलाल पाटील माझ्याशेजारी होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

छगन नवा कोट घालून उंबऱ्यावर आला. भिकुबाई त्याच्या मागे उभी राहिली. त्याने उजवा हात पुढे केला आणि हसून म्हणाला, “ये वं जिजी. आंबट तर नही ना?”

दगूबाई पुढे आल्या. निघणाऱ्या मुलासमोर सरळ तोंडाने उभ्या राहिलेल्या मी त्यांना प्रथमच पाहत होतो. त्या त्याच्याकडे पाहत होत्या. कपाळ, कान, कोटाचे बटण, सगळे. मग बोटांवर दही घेऊन त्यांनी हात उचलला आणि त्याच्या खांद्यावरून त्यांची नजर मागे गेली.

भिकुबाईने डोळे मिटले होते. तिने मागून, छगनच्या कुशीपाशी, त्याच्या कोटाचा शेव मुठीत धरला होता. विहिरीच्या काठावर वाकलेल्या लेकराला धरावे तसा. मूठ पांढरी पडली होती. आपण असे धरले आहे हे तिला ठाऊकही नसावे.

मी ते पाहिले, तसे दगूबाईंनीही पाहिले. त्यांनी बोटे वाटीच्या काठाला पुसली आणि वाटी छगनच्या खांद्यावरून भिकुबाईकडे केली.

“घे वं. तू ठेव. मन्हा हात कापी ऱ्हायना.”

त्यांचा हात कापत नव्हता. वाटीतले दही हललेसुद्धा नव्हते.

भिकुबाईने डोळे उघडले आणि तिच्या तोंडून श्वास सुटला. तो इतका मोठा होता, की अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. मुलाचा नंबर यादीच्या अगदी शेवटी सापडल्यावर बापाचा जसा सुटतो तसा. तिने वाटी घेतली. नको, तूच ठेव, असे ती एकदाही म्हणाली नाही.

“नही, जिजीच ठेवी!” छगनने हात मागे घेतला.

“वेडा शे का? माय शे ना ती,” दगूबाई म्हणाल्या. तोवर त्या वळल्याही होत्या. गोठ्याच्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी तिकडे तोंड केले.

भिकुबाईने दही ठेवले. छगनने ते चाटले. दमणी निघाली आणि सगळे तिच्यामागे वेशीपर्यंत गेले. मी गाडीच्या मागे चालत होतो. अंगणातून हाक आली, “मनमाडनं पानी नको पिऊ म्हना!” पण निरोप पुढे सांगायला अंगणात कोणी उरले नव्हते, आणि बैलांच्या घुंगरांत छगनला ते ऐकू गेले नाही.

छगन चांगला शिकला. बी. ए. झाला, कायदा केला, आता धुळ्याला वकिली करतो. दगा पाटील त्याच्या नावाची पाटी सगळ्यांना हाताने हवेत काढून दाखवतो. आणि भिकुबाई, जी वाईट बाई नाही, मनाने सरळ आहे, ती येईल त्याला सांगते:

“जिजीनी सोताच हात आखडी लिधा ना, म्हनीसन मन्हा पोऱ्या शिकना. तिले समजस. दुसरीनी हट्टनी ठेवं असतं.”

हे ती दगूबाईंच्या शेजारी बसून, त्यांच्यासमोर, त्यांचे कौतुक म्हणून सांगते. मी एकदा तिथे होतो. दगूबाई लाटत होत्या. त्यांनी पापड उचलून उन्हात टाकला आणि पुढचा गोळा घेतला.

पूर्वी त्यांना पाठ फिरवायला लावताना बायकांच्या चेहऱ्यावर थोडी शरम तरी दिसे. मगनच्या आईच्या नजरेत ती होती. छगननंतर ती गेली. दगूबाईंनी स्वतःच मानले म्हटल्यावर शंका कोणाला उरणार? आधी पाठ चालत होती. मग कोणी म्हणाले, जायच्या वेळी त्या गल्लीत नसलेल्या बऱ्या. मग गावातच नसलेल्या बऱ्या. त्रेचाळीस साली एका घरचा मुलगा कॉलेजात नापास झाला, तेव्हा तो निघाला त्या सकाळी दगूबाई आडावर होत्या, हे गावाला लगेच आठवले. मुलगा तिथे तीन महिने नाटक कंपनीच्या बिऱ्हाडी पडून होता, हे मी सांगून पाहिले. नापास झालेल्याच्या बापाला दगूबाईंचे कारण जास्त सोयीचे होते.

छगन सणाला येतो तेव्हा आधी दगूबाईंकडे जातो. त्यांच्याच ताटात जेवतो, आचाऱ्याच्या नकला अजून करतो. परत निघायच्या दिवशी मात्र तो आदल्या रात्रीच त्यांचा निरोप घेतो. सकाळी त्या बाहेर येत नाहीत. तोही बोलावीत नाही. आता त्याला एक मुलगा आहे.

हिलाल पाटील चव्वेचाळीस साली वारले. आता अठ्ठेचाळीस चालू आहे. दगूबाई दिराच्या घरी, मागच्या पडवीत राहतात. डोळे अधू झाले आहेत, पण मे महिन्यात अजून आया येतात आणि वळकट्या अजून दगूबाईच बांधून देतात. यंदा जूनमध्ये गावातली मुले वेगवेगळ्या दिवशी निघाली. म्हणून त्या आठवडाभर मळ्यातल्या खोपीत राहिल्या. तवा आणि पीठ त्यांनी बरोबर नेले होते.